युरोपला हरित अमोनिया विकायचा आहे? आयएससीसी ईयू प्रमाणपत्राचं परीक्षण

कांडल्याहून रॉटरडॅमला निघालेल्या जहाजात नैसर्गिक वायूपासून केलेला अमोनिया आहे की सौरविजेपासून केलेला, हे नमुना तपासून कोणालाही सांगता येत नाही. रेणू तोच, शुद्धता तीच, वासही तोच. खरेदीदार जास्तीचे पैसे मोजतो ते विजेच्या जन्मदाखल्यासाठी: ती कोणत्या प्रकल्पातून आली, कोणत्या महिन्यात तयार झाली, कोणत्या कराराखाली घेतली. असा दाखला युरोपात ग्राह्य धरला जाईल अशा स्वरूपात देणाऱ्या योजनांमध्ये भारतीय उत्पादकांसमोर सहसा पहिलं नाव येतं ते जर्मनीतल्या कोलोनच्या आयएससीसीचं. अमोनिया हायड्रोजनपासूनच बनतो, म्हणून तिच्या ‘ईयू’ योजनेतला हायड्रोजनचा भाग या परीक्षणाचा विषय आहे. सोबत सर्टिफाय आणि रेडसर्ट या दोन पर्यायांची आणि आपल्या भारतीय प्रमाणपत्राची तुलनाही केली आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. योजना भक्कम आहे, नियम स्पष्ट आहेत, युरोपातल्या सगळ्या सदस्य देशांत ती मानली जाते. पण ती प्रकल्प उभा राहिल्यावर विकत घ्यायची गोष्ट नव्हे. वीजखरेदी कराराचा मसुदा होतानाच तिचे नियम समोर ठेवले नाहीत, तर पुढे कितीही खर्च केला तरी प्रमाणपत्र हातात पडत नाही, किंवा पडलं तरी वर्षातले काही महिने माल साध्या भावानं विकावा लागतो.

युरोपीय कायद्यात अशा इंधनाला आरएफएनबीओ म्हणतात, म्हणजे जैविक नसलेल्या नवीकरणीय स्रोतांपासून केलेलं इंधन. त्याचे नियम २०२३ च्या ११८४ आणि ११८५ क्रमांकाच्या दोन विनियमांत आहेत. ते जुलै २०२३ पासून लागू झाले. पहिला विजेबद्दल आहे, दुसरा उत्सर्जनाच्या हिशोबाबद्दल. त्यावर प्रमाणपत्र देण्यासाठी युरोपीय आयोगानं आयएससीसी, सर्टिफाय आणि रेडसर्ट या तीन योजनांना डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याआधीची जी प्रमाणपत्रं बाजारात फिरत होती ती कंपन्यांच्या आपसातल्या विश्वासावर चालत. युरोपच्या नवीकरणीय ऊर्जेच्या लक्ष्यपूर्तीत त्यांची गणना होत नव्हती.

२ किलो आणि ३.३८ किलो

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. युरोपचा तुलनेचा आधार आहे जीवाश्म इंधनाचे ९४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड दर मेगाज्यूलला. त्यात ७० टक्के बचत हवी, म्हणजे कमाल २८.२ ग्रॅम. हायड्रोजनचं औष्णिक मूल्य किलोला १२० मेगाज्यूल धरलं की मर्यादा येते किलोमागे ३.३८ किलो. भारताच्या ऑगस्ट २०२३ च्या हरित हायड्रोजन मानकाची मर्यादा आहे किलोमागे २ किलो. दोन आकडे शेजारी ठेवले की वाटतं, आपलं मानक जास्त कडक, तेव्हा भारतीय प्रमाणपत्र असलं की युरोपचं आपोआप मिळेल. तसं होत नाही.

भारतीय मानकात पाण्याचं शुद्धीकरण, इलेक्ट्रोलिसिस (विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढणं), वायूचं शुद्धीकरण, वाळवणं आणि दाबणं एवढंच मोजलं जातं. हिशोब कारखान्याच्या फाटकाशी संपतो. युरोपच्या हिशोबात त्यापुढचं सगळं येतं: अमोनिया बनवणं, साठवण, जहाज, उतरवल्यावर पुन्हा हायड्रोजन केला तर ते क्रॅकिंग, आणि वाटप. दुसरा फरक सरासरीचा. भारतात मागच्या १२ महिन्यांची सरासरी पाहतात. युरोपात उत्सर्जनाची सरासरी काढायचा कालावधी जास्तीत जास्त एक कॅलेंडर महिना. आपल्याकडे पावसाळ्यात सौरवीज घटते आणि पश्चिम किनारपट्टीपासून सह्याद्रीच्या पठारापर्यंत वारा वाढतो. ऑक्टोबरनंतर वारा पडतो. ज्या प्रकल्पानं नुसती सौर किंवा नुसती पवनवीज बांधून घेतली आहे त्याचे दोन-तीन महिने लंगडे जाणारच. वर्षाच्या सरासरीत ते झाकले जातात, महिन्याच्या हिशोबात उघडे पडतात.

एक उदाहरण घ्या. एक किलो हायड्रोजनला सगळं मिळून ५५ युनिट वीज लागते. ऑगस्टमध्ये करारातल्या प्रकल्पांतून ९२ टक्के भागली आणि ८ टक्के ग्रीडमधून घेतली. आपल्या ग्रीडचं उत्सर्जन युनिटमागे साधारण ०.७२ किलो. ५५ गुणिले ०.०८ गुणिले ०.७२ म्हणजे किलो हायड्रोजनमागे ३.१७ किलो. हायड्रोजन म्हणून हा आकडा मर्यादेच्या आत दिसतो. पण त्याचा अमोनिया केला की टनाला सुमारे १७८ किलो हायड्रोजन लागतो, त्याचे ५६४ किलो उत्सर्जन. आणि टनभर अमोनियात ऊर्जा १८.६ गिगाज्यूलच असते. भागाकार ३०.३ ग्रॅम. जहाज बंदरातून हलायच्या आधीच मर्यादा ओलांडली.

इथे आणखी एक नियम आहे आणि तो नीट वाचलेला नसतो. ‘८ टक्के माल सोडून देऊ, ९२ टक्के हरित म्हणून विकू’ असं करता येत नाही. एका प्रक्रियेतून त्या कालावधीत बाहेर पडलेल्या सगळ्या मालाला एकच उत्सर्जन-तीव्रता लागते. हरित भागाचं प्रमाण ९२ टक्केच मोजलं जातं हे खरं, पण तीव्रता मर्यादेपलीकडे गेली की ते ९२ टक्केही गेले. म्हणून ऑगस्टच्या त्या शेवटच्या ८ टक्क्यांसाठी इलेक्ट्रोलायझर बंद ठेवणंच बहुतेक वेळा स्वस्त पडतं. ग्राहकाला महिन्याला ठरावीक टनेज द्यायचं कबूल केलेलं असेल तर हा निर्णय फार जड जातो. कराराच्या वेळी हे गणित मांडून पाहणारे थोडे.

रात्रीचा भार

इलेक्ट्रोलायझरची वीज सगळे काळजीपूर्वक जमवतात. घात होतो तो मदतीच्या यंत्रांमुळे. हवेतून नायट्रोजन वेगळा करणारं एएसयू आणि अमोनिया-लूपचे, म्हणजे हायड्रोजन-नायट्रोजनचा अमोनिया करणाऱ्या यंत्रणेचे, कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. लूप गार करून परत तापवणं उत्प्रेरकाला आणि यंत्राला सोसत नाही. दिवसा साठवलेला हायड्रोजन रात्री लूपला पुरवतात आणि यंत्रांची वीज ग्रीडमधून घेतात, हा सर्रास दिसणारा आराखडा.

टनभर अमोनियाला या यंत्रांची वीज ०.६ मेगावॉट-तास धरा. ती सगळी ग्रीडची असेल तर उत्सर्जन ४३२ किलो, म्हणजे मेगाज्यूलला २३.२ ग्रॅम. मर्यादेतले ५ ग्रॅम उरले. आता जहाज. ४०,००० टन अमोनिया नेणारं जहाज दिवसाला ३५ टन इंधन जाळतं असं धरू. सुएझमार्गे गुजरात ते रॉटरडॅम साधारण १८ दिवस. रिकाम्या परतीसह टनामागे ९५ ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ५ ग्रॅमच्या किंचित वर. संपली मर्यादा. केप ऑफ गुड होपला वळसा घालावा लागला तर प्रवास ३० दिवसांवर जातो आणि जहाजाचाच वाटा ९ ग्रॅमच्या घरात पोचतो. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे असंख्य जहाजांना हा वळसा घ्यावा लागला, तेव्हा हिशोब केपमार्गेच मांडावा. हा ढोबळ अंदाज आहे. जहाजाचा वेग, आकार आणि इंधन बदललं की आकडे हलतील. पण प्रमाण हेच राहतं.

इलेक्ट्रोलायझर शंभर टक्के सौरविजेवर चालत असूनही अमोनिया नापास होऊ शकतो. एएसयू आणि लूपसाठीही इलेक्ट्रोलायझरच्याच नियमांत बसणारी पवनवीज किंवा बॅटरीतली वीज बांधून घ्या. डिसॅलिनेशनच्या विजेची मात्र उगाच चिंता करतात. किलो हायड्रोजनला शीतकरणासह ३० लिटर पाणी धरलं तरी खारं पाणी गोडं करायला ०.१२ युनिट पुरतं. कागद ठेवा, घाबरू नका.

विजेच्या तीन अटी

पहिली अट नव्या विजेची. पवन किंवा सौर प्रकल्प इलेक्ट्रोलायझरच्या आधी ३६ महिन्यांहून जुना नको, आणि त्या वीजप्रकल्पानं उत्पादनावर किंवा गुंतवणुकीवर सरकारी साहाय्य घेतलेलं नको. जमिनीसाठी आणि ग्रीडजोडणीसाठी मिळालेली मदत यात धरत नाहीत. इलेक्ट्रोलायझरला किंवा हायड्रोजनला मिळालेलं अनुदान हा वेगळा विषय, त्यामुळे भारताच्या हरित हायड्रोजन अभियानातला प्रोत्साहन निधी या अटीच्या आड येत नाही. मोठी सवलत अशी: १ जानेवारी २०२८ च्या आत सुरू झालेल्या इलेक्ट्रोलायझरला ही पूर्ण अट १ जानेवारी २०३८ पर्यंत माफ आहे. एकेकाळी उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम घेतलेली साताऱ्याकडची किंवा धुळ्याकडची जुनी पवनचक्कीसुद्धा अशा इलेक्ट्रोलायझरला तोपर्यंत चालते. ज्यांचं यंत्र २०२७ च्या शेवटी येणार आहे त्यांनी काही महिन्यांची दिरंगाई किती महाग पडेल याचा हिशोब करावा. दहा वर्षांची मोकळीक हातची जाते.

दुसरी अट वेळेची. ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत वीज आणि हायड्रोजन एकाच कॅलेंडर महिन्यात जुळले की झालं. १ जानेवारी २०३० पासून तासातासाला जुळवणी, आणि ती जुन्या प्रकल्पांनाही लागू. आपल्याकडच्या बँकिंगची, म्हणजे जादा वीज ग्रीडमध्ये जमा करून नंतर परत घेण्याची, गाठ इथे पडते. भारतीय मानक ग्रीडमध्ये बँक केलेली वीज नवीकरणीय मानतं. २०२२ च्या हरित हायड्रोजन धोरणात बँकिंगची मुदत ३० दिवसांची आहे. २० जूनला बँकेत टाकलेली वीज १० जुलैला वापरली तर भारतीय नियमानं ती चोख, युरोपच्या दृष्टीनं महिना उलटला. २०३० नंतर तर बँकिंगचा युरोपच्या हिशोबात काहीच उपयोग राहणार नाही. बॅटरी मात्र चालते, पण ती नवी हवी आणि इलेक्ट्रोलायझरच्या किंवा वीजप्रकल्पाच्या त्याच ग्रीडजोडणीमागे बसवलेली हवी. दूरच्या राज्यातली भाड्याची साठवणक्षमता यात बसत नाही.

तिसरी अट जागेची. युरोपात वीजप्रकल्प आणि इलेक्ट्रोलायझर एकाच बिडिंग झोनमध्ये (वीजबाजारात एकच भाव निघतो त्या प्रदेशात) हवेत, किंवा जोडलेल्या शेजारच्या झोनमध्ये, जिथला भाव त्या वेळी इलेक्ट्रोलायझरच्या झोनइतका किंवा जास्त आहे. युरोपबाहेर याच्याशी समकक्ष संकल्पना लावतात. आपल्या वीज एक्स्चेंजवर बिड-एरिया आहेत. महाराष्ट्र आणि गुजरात एकाच बिड-एरियात येतात, राजस्थान उत्तरेच्या वेगळ्या. एरवी देशभर एकच भाव निघतो, पण राजस्थानातून बाहेर जाणाऱ्या वाहिन्या तुंबल्या की तिकडचा भाव खाली येतो, आणि नेमक्या त्याच वेळी जैसलमेरची सौरवीज गुजरातच्या इलेक्ट्रोलायझरसाठी अडचणीत येऊ शकते. दुसऱ्या बिड-एरियातली वीज घेणार असाल तर भारतासाठी कोणती सीमा धरली जाईल हे योजनेकडून लेखी घ्या, आणि करारावर सही त्यानंतर करा. ऑडिटरचं तोंडी आश्वासन पुरेसं समजू नये. अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार त्याचा नसतो.

काय चालत नाही तेही सांगून ठेवतो. नुसती आरईसी, म्हणजे नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रं, विकत घेऊन भागत नाही. वितरण कंपनीचा हरित दर भरून घेतलेली वीज चालत नाही, कारण त्यात ठरावीक प्रकल्पाशी करार नसतो. मध्यस्थामार्फत केलेला करार चालतो, ग्रुप कॅप्टिव्हही (अनेक वापरकर्त्यांच्या सामायिक मालकीचा वीजप्रकल्प) चालतो, पण प्रकल्पांची नावं त्यात हवीत. आणि त्याच विजेची आरईसी दुसऱ्या कोणाला विकलेली नसावी.

ऑडिट प्रत्यक्षात कसं होतं

आयएससीसी स्वतः तपासणी करत नाही. तुम्ही तिच्याकडे नोंदणी करता, मान्यताप्राप्त प्रमाणन संस्था निवडून तिच्याशी करार करता, ती संस्था कारखान्यात येऊन ऑडिट करते आणि प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्राची मुदत एक वर्ष. यंत्र उभं राहण्याआधी आराखड्यावर पूर्व-प्रमाणपत्रही घेता येतं. बँकेला आणि खरेदीदाराला दाखवायला ते उपयोगी पडतं, पण त्यावर मालाचा एक किलोही हरित म्हणून विकता येत नाही. तरीही ते जरूर घ्यावं, कारण कराराच्या मसुद्यातली खोट तिथेच सापडते, दुरुस्तीला वेळ असताना.

ऑडिटर मागतो त्यात वीजप्रकल्पाचा कार्यान्वयन दाखला असतो. मोठा सौरपार्क टप्प्याटप्प्यानं सुरू झालेला असेल तर प्रत्येक टप्प्याची तारीख वेगळी, हे ध्यानात ठेवा. मग करार, व्हीलिंगची (ग्रीडमधून वीज वाहून नेण्याची) बिलं, वेळेनुसार वीज नोंदणाऱ्या एबीटी मीटरचे १५ मिनिटांच्या ब्लॉकचे आकडे आणि त्यांना दुजोरा देणारा प्रादेशिक किंवा राज्य ऊर्जा लेखा. पश्चिम विभागाचा प्रादेशिक लेखा मुंबईतली पश्चिम विभागीय ऊर्जा समिती काढते. तो आणि तुमचं कोष्टक जुळलं नाही की दिवसभराचं काम चार दिवसांचं होतं. न जुळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पारेषणातला तोटा. वीजप्रकल्पाच्या बसबारवरचा, म्हणजे वीज बाहेर पडते तिथला, आकडा एका कोष्टकात, इलेक्ट्रोलायझरच्या टोकाचा दुसऱ्यात, आणि मधले काही टक्के कुठेच नाहीत. सुरुवातीपासून तोटा वजा केलेलाच आकडा धरावा.

जुन्या पवनप्रकल्पांत आणखी एक अडचण आहे. अनेक मालकांच्या चक्क्या एकाच पूलिंग उपकेंद्राला जोडलेल्या असतात, महिन्यातून एकदा संयुक्त मीटर वाचन होतं आणि युनिटं वाटून दिली जातात. मासिक जुळवणीला हे पुरतं. तासाच्या जुळवणीला तुमच्या वाट्याचं १५ मिनिटांचं उत्पादन सिद्ध करायला काहीच हातात नसतं. अशा चक्क्यांशी दीर्घ मुदतीचा करार करताना स्वतंत्र मीटर बसवायची अट आणि तो खर्च कोणाचा, हे आताच लिहून घ्या.

हायड्रोजनच्या बाजूला प्रवाहमापक, त्याचं कॅलिब्रेशन, दाब-तापमानाची दुरुस्ती, व्हेंट केलेला (हवेत सोडलेला) वायू आणि रोजची नोंद. ऑक्सिजन विकत असाल तर उत्सर्जनाचा काही भाग त्याच्यावर टाकता येतो, पण ऑक्सिजनमध्ये इंधनासारखी ऊर्जा नसल्यानं वाटणी आर्थिक मूल्यावर होते, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी फाटक-किमतीनं. नवीन कारखान्यानं यातून मोठ्या सुटकेची आशा धरू नये.

त्यानंतर मालाचा प्रवास. ही साखळी मास बॅलन्सची आहे: हरित आणि साधा अमोनिया एका टाकीत मिसळला तरी चालतो, पण जितका हरित आत गेला तितकाच हरित म्हणून बाहेर, आणि कागद मालाबरोबरच फिरतो. कारखाना, व्यापारी, टर्मिनल, आयातदार, ज्याच्या ज्याच्या मालकीत किंवा साठवणीत माल येतो तो प्रमाणपत्राच्या कक्षेत हवा. साखळीतला एक व्यापारी प्रमाणित नसला तर पुढचा सगळा माल साधा ठरतो. प्रत्येक खेपेसोबत शाश्वततेचा पुरावा द्यायचा असतो: प्रमाण, उत्सर्जनाचे घटक, प्रमाणपत्र क्रमांक. मास बॅलन्सचा कालावधी तीन महिने. त्यात उणे शिल्लक दाखवली तर शेरा ठरलेला.

आयएससीसीचा खरा फायदा या साखळीत कळतो. जैवइंधनामुळे युरोपातले बरेच व्यापारी, टँक टर्मिनल आणि रिफायनरी २०११ पासून तिच्या कामाला सरावलेले आहेत, आणि भारतात ऑडिटर मिळतात. कमकुवत बाजू म्हणजे कागदपत्रांचा पसारा. मूळ जैवइंधनासाठी लिहिलेल्या दस्तऐवजांवर हायड्रोजनचा भाग रचलेला आहे. शेतमाल, कचरा-तेल यांचे नियम ओलांडत आपल्या कामाचं पान शोधावं लागतं. नवशिक्या चमूनं आरएफएनबीओचा वेगळा दस्तऐवज आधी वाचावा, मग मास बॅलन्स आणि उत्सर्जनाचे, बाकीचे लागतील तसे.

प्लस आणि ईयू एक नव्हेत

आयएससीसी प्लस ही स्वेच्छा बाजारासाठीची योजना आहे. युरोपच्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशातल्या लक्ष्यांसाठी ती धरत नाहीत. ती निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. २०२३ च्या अखेरीस इजिप्तच्या ऐन सोखना इथून फर्टिग्लोब या अमोनिया कंपनीनं प्लस-प्रमाणित नवीकरणीय अमोनिया भारतात तुतिकोरीनला पाठवला. तुतिकोरीन अल्कली केमिकल्समध्ये त्यापासून सोडा अॅश झाली, हिंदुस्थान युनिलिव्हरच्या धुण्याच्या पावडरीसाठी. तिथे ग्राहकाला आपल्या मालाचा कार्बन कमी करायचा होता, सरकारी लक्ष्य पुरं करायचं नव्हतं, म्हणून प्लस पुरेसं ठरलं. त्याच फर्टिग्लोबला जुलै २०२४ मध्ये हरित इंधनाच्या आयातीसाठी जर्मनीनं चालवलेल्या एचटूग्लोबल लिलावात टनाला १,००० युरो पोच भाव मिळाला, त्यातला ८११ युरो उत्पादनाचा. तिथे अट आरएफएनबीओची आहे. विक्रेत्यानं ‘आयएससीसी आहे’ एवढं सांगितलं तर कोणतं, हे विचारून प्रमाणपत्राची प्रत पाहावी.

सर्टिफायमध्येही अशीच जोडी आहे. तिची मूळ ओळख युरोपातल्या हायड्रोजनच्या उगम-हमीपत्रांची. ती मालापासून वेगळी काढून विकता येतात आणि युरोपच्या लक्ष्यांत धरली जात नाहीत. आरएफएनबीओसाठीची सर्टिफाय ही वेगळी योजना, आणि ती हायड्रोजनसाठीच लिहिलेली असल्यानं वाचायला सुटसुटीत आहे. आंध्रातल्या काकिनाड्याच्या एएम ग्रीनच्या अमोनिया प्रकल्पाला तिचंच पूर्व-प्रमाणपत्र मिळालं. ज्यांचा खरेदीदार एकच आणि साखळी छोटी आहे त्यांनी सर्टिफायचा विचार जरूर करावा. व्यापारी आणि टर्मिनल मध्ये येणार असतील तर आयएससीसी सोयीची. रेडसर्टचं बळ जर्मनी आणि आसपास आहे. भारतीय निर्यातदाराला ती निवडायचं खास कारण दिसत नाही.

भारताची हरित हायड्रोजन प्रमाणन योजना एप्रिल २०२५ मध्ये आली, ऊर्जा दक्षता ब्यूरो तिची नोडल संस्था. देशांतर्गत विक्री आणि सरकारी प्रोत्साहनासाठी ती लागते. युरोपात तिचा पर्याय म्हणून उपयोग होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत ३० हून अधिक देशांनी एकमेकांची प्रमाणपत्रं मानण्याच्या दिशेनं काम करायचा इरादा जाहीर केला, आणि तिथेच उत्सर्जन मोजण्याच्या पद्धतीवर आयएसओचा १९८७० हा तांत्रिक दस्तऐवज मांडला गेला. मोजायची पद्धत एक झाली तरी मर्यादा देशोदेशीच्या वेगळ्याच आहेत: जपान किलोमागे ३.४ किलो, दक्षिण कोरिया ४ किलोच्या आत चार श्रेणी, ब्रिटन मेगाज्यूलला २० ग्रॅम. जपान-कोरियाचा खरेदीदार नक्की असेल तर युरोपच्या विजेच्या अटींचा भार उगाच डोक्यावर घेऊ नका. दोन्हीकडे विकायचं असेल तर मीटरचा आकडा १५ मिनिटांच्या ब्लॉकलाच साठवा. त्यातून कोणत्याही देशाचा हिशोब नंतर काढता येतो, महिन्याच्या बेरजेतून काढता येत नाही.

शेवटी विक्री करारातल्या दोन कलमांबद्दल. एखाद्या महिन्याचा माल आरएफएनबीओत बसला नाही तर तो कोणत्या भावानं जाईल आणि तूट पुढच्या महिन्यात भरून देता येईल का, हे लिहिलेलं हवं. आणि २०३० नंतरच्या तासाच्या जुळवणीचा वाढीव खर्च, म्हणजे बॅटरी, जास्तीची पवनवीज, कमी चालणारा इलेक्ट्रोलायझर, तो विक्रेत्याचा की खरेदीदाराचा. आयोगानं १ जुलै २०२८ पर्यंत या जुळवणीच्या परिणामांवर अहवाल द्यायचा आहे, त्यामुळे नियम हलण्याची शक्यता आहे. म्हणून कलमात ‘प्रचलित नियमानुसार’ एवढंच मोघम न लिहिता, नियम सैल झाला तर भाव किती उतरेल आणि आहे तसा राहिला तर किती, असे दोन्ही आकडे घालावेत.